कंडोम पोचला, गहू नाही पोचला

जिल्ह्याच्या गावी एड्स नियंत्रणाचा प्रकल्प चालवणाऱ्या संस्थेकडे एक वही असते. तृतीयपंथी कोणत्या गल्लीत राहतात, कोणत्या गुरूकडे किती चेले आहेत, समलिंगी पुरुष संध्याकाळी कुठल्या बसस्टँडमागे भेटतात, महिन्याला किती कंडोम लागतात, कुणाची तपासणी केव्हा झाली, हे सगळं त्या वहीत असतं. खर्च सरकारचा असतो. दिल्लीत नॅको, मुंबईत एमसॅक्स, जिल्ह्यात डापकू, अशी एड्स नियंत्रणाची देश, राज्य आणि जिल्हा पातळीवरची कार्यालयं आहेत, आणि माहिती नेमाने वर जात असते. त्यामुळे २०२० च्या मार्चमध्ये देश बंद झाला तेव्हा ही माणसं सरकारला सापडत नव्हती, असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. सापडत होती. पण ज्या खात्याला सापडत होती ते आरोग्य खातं होतं, आणि गहू-तांदूळ पुरवठा खात्याच्या गोदामात होता.

महामारीत तृतीयपंथी, समलिंगी आणि त्यांच्यासारख्या इतरांचे जे हाल झाले, त्यातले थोडेच विषाणूने केले. समाजाच्या तिरस्काराने केले म्हणावं तर तेही अर्धंच खरं. मदत वाटण्याची जी चौकट आपण वापरली, म्हणजे कुटुंब, कार्ड, आधार, खातं, तिच्यात ते बसत नव्हते. आणि त्यांना त्यात बसवून घेण्याचा अधिकार ना तलाठ्याला होता, ना रेशन दुकानदाराला. तिरस्कार जायला पिढ्या लागतील. चौकट एका शासन निर्णयाने बदलते. म्हणून मी चौकटीबद्दल बोलतो आहे.

आधी पोटाचं. मराठवाड्यात तृतीयपंथीयांची कमाई तीन ठिकाणांहून येते. बधाई, म्हणजे बाळंतपण, लग्न, वास्तुशांत. बाजार, म्हणजे आठवडी बाजारात आणि दुकानांच्या रांगेत टाळी वाजवून मागणं. आणि रेल्वे. नांदेड-पूर्णा-परभणी-जालना-मनमाड या रुळावर तपोवन आणि देवगिरीचे डबे कितीतरी जणींचं पोट भरतात. काही जणी देहविक्रय करतात, आणि त्याला आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. २२ मार्चला जनता कर्फ्यू लागला, रेल्वे थांबली, २५ पासून देश बंद, आणि या सगळ्या वाटा एकाच आठवड्यात बुजल्या. पुढे गाड्या सुरू झाल्या त्याही ‘स्पेशल’, सगळी आरक्षणं. जनरलचा डबा, जिथे दहा-दहा रुपये सुटतात, तो कितीतरी महिने परतला नाही. टाळेबंदी कधी उठली, असं विचारलं तर दुकानदार एक तारीख सांगेल आणि रेल्वेत मागणारी दुसरीच सांगेल. तिची बरीच उशिराची असेल.

देवाची वाटही बंद झाली. तुळजापूरच्या आराध्यांमध्ये, माहूरच्या रेणुकेच्या वाटेवर, देवीला वाहिलेले, लुगडं नेसणारे, गळ्यात कवड्यांची माळ घालणारे पुरुष आपल्याला नवे नाहीत. परडीत जोगवा घालताना कुणी त्यांना ओळखपत्र मागत नाही. मार्च २०२० मध्ये मंदिरं बंद झाली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. मधलं नवरात्र भाविकांविना गेलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा कुलूप, ते ७ ऑक्टोबरच्या घटस्थापनेला निघालं. मंदिरं उघडावीत म्हणून आंदोलनं झाली, घंटानाद झाला. पुजारी, फुलवाले, प्रसादाचे दुकानदार यांच्या पोटाचा प्रश्न पेपरात आला, आणि यायलाच हवा होता. परडीवाल्याचा आलेला मी तरी वाचला नाही.

आता मदतीकडे येऊ. २६ मार्च २०२० ला केंद्राने १ लाख ७० हजार कोटींचं पॅकेज जाहीर केलं. माणशी पाच किलो धान्य मोफत, पण ज्यांचं कार्ड अन्न सुरक्षा यादीत आहे त्यांना. जनधन खात्यात तीन महिने पाचशे रुपये, पण महिलांच्या. ज्या तृतीयपंथी व्यक्तीचं खातं जन्माच्या वेळच्या पुरुषी नावाने आहे, तिला ते मिळण्याचा प्रश्नच नव्हता. राज्याने मे-जूनमध्ये केशरी कार्डवाल्यांना आठ रुपयांनी गहू आणि बारा रुपयांनी तांदूळ दिला. चांगलंच केलं. पण तिथेही आधी कार्ड.

आणि कार्ड कुणाचं? परभणीत त्या एप्रिलमध्ये किट वाटणाऱ्यांबरोबर मी एका गुरूच्या घरी गेलो होतो. पत्र्याच्या दोन खोल्या, दारात तुळस, आत देवीचा फोटो आणि त्याच्या बाजूला अजमेरचा. यादीप्रमाणे एका दाराला एक किट होतं: पाच किलो गहू, दोन किलो तांदूळ, तुरीची डाळ, तेलाचा पुडा, मीठ, दोन साबण. गुरूंनी पिशवी हातात घेतली, तिचं वजन जोखलं आणि म्हणाल्या, “एक दार म्हणून एक किट. ह्या दारामागं अकरा तोंडं हायत दादा.” कार्डाचं विचारलं तर एक चेली हसली. ती वसमतकडची. “कार्ड हाय की. गावाकडं, भावाच्या घरी. त्याच्यात माझं नाव पोराचं हाय. माझं धान्य दर महिन्याला उचलायलेत ते, अन् मी इथं उपाशी मरायले.” ती हे तक्रारीच्या सुरात बोलत नव्हती. गंमत सांगावी तसं सांगत होती. दुसरीचं नाव घरच्यांनी केव्हाच कमी केलं होतं. तिसरीकडे आधार होतं, पण त्यावरचा फोटो मिशी फुटायच्या वयातला, आणि आता समोर उभी बाई.

चूक एका तलाठ्याची किंवा एका दुकानदाराची असती तर ती कुणीतरी सुधारली असती. इथे सगळे नियमाने वागत होते. रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनला आरसी नंबर, म्हणजे रेशनकार्डाचा नंबर लागतो, आरसी नंबर कुटुंबाला मिळतो, आणि कुटुंब म्हणजे रक्ताचं किंवा लग्नाचं. गुरू-चेल्यांचं घराणं आजारपणात शेजारी बसतं, मेल्यावर मातीला जातं, म्हातारपणी गुरूला सांभाळतं. कागदावर मात्र ती अकरा सुटी माणसं असतात, एका खोलीत भाड्याने राहणारी.

केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने तृतीयपंथीयांसाठी वेगळी मदत दिली, हे सांगितलं पाहिजे. दीड हजार रुपये. महिन्याला नव्हे, एकदाच. मंत्रालयाने मे २०२१ मध्ये स्वतःच आकडा दिला: आदल्या वर्षीच्या टाळेबंदीत रोख मदत आणि रेशन किट मिळून ९८.५० लाख रुपये खर्च झाले आणि सुमारे ७ हजार जणांना लाभ झाला. २०११ च्या जनगणनेत पुरुष आणि स्त्री सोडून ‘इतर’ रकान्यात देशात ४,८७,८०३ माणसं नोंदली गेली होती, पैकी महाराष्ट्रात ४०,८९१. खरी संख्या त्याहून मोठी असणार, कारण दारात आलेल्या प्रगणकासमोर आपला मुलगा ‘इतर’ आहे असं किती आया सांगतील? पण जनगणनेचाच आकडा धरला तरी मदत शंभरात दीड माणसापर्यंतही गेली नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत पुन्हा दीड हजार जाहीर झाले. अर्जाला आधार आणि बँक खातं लागत होतं.

कायद्याचं वेळापत्रक तर बघा. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ ला नालसा निकालात सांगितलं की आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क त्या व्यक्तीचा आहे. संसदेचा कायदा झाला २०१९ मध्ये, लागू झाला १० जानेवारी २०२०. त्याचे नियम आले सप्टेंबरच्या अखेरीस, आणि ओळखप्रमाणपत्राचं पोर्टल सुरू झालं २५ नोव्हेंबरला. म्हणजे पहिल्या टाळेबंदीच्या काळात हक्क होता, कायदा होता आणि अर्ज करायला खिडकी नव्हती.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हाल कुणाचे झाले नाहीत? ऊसतोड कामगारांचे झाले नाहीत? ८ मे २०२० ला करमाडजवळ रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले, ते आपल्याच भागात. झाले, आणि त्यावर दुमत नाही. पण त्या वेळी काय हललं तेही पाहू. पश्चिम महाराष्ट्रात अडकलेल्या सुमारे १ लाख ३१ हजार ऊसतोड कामगारांना घरी जाऊ देण्याचा निर्णय १७ एप्रिलला झाला. तो होऊ शकला कारण कारखान्याकडे टोळ्यांची यादी होती, मुकादमाकडे नावं होती, आणि बीडच्या प्रत्येक पुढाऱ्याला ही मतं कुठे पडतात ते ठाऊक होतं. १४ मे रोजी केंद्राने कार्ड नसलेल्या स्थलांतरित मजुरांना दोन महिने माणशी पाच किलो धान्य जाहीर केलं. याचा अर्थ कार्डाशिवाय धान्य देता येत होतं. वसमतहून परभणीला आलेली चेलीही घर सोडून पोटासाठी आलेलीच होती. तिला मजूर कुणी म्हणालं नाही, एवढाच फरक.

राज्याने १३ एप्रिल २०२१ ला दुसऱ्या लाटेतलं पॅकेज जाहीर केलं तेव्हाही तेच. नोंदणीकृत बांधकाम कामगार, घरकाम करणाऱ्या बाया, परवानाधारक रिक्षाचालक, अधिकृत फेरीवाले, प्रत्येकी दीड हजार. टाळी वाजवायचा परवाना कुठे मिळतो?

दुसरा आक्षेप हळू आवाजात येतो: मागून खाणाऱ्यांना सरकारने का पोसावं? मागून खाण्याची पाळी का येते, याचं उत्तर नववीत शाळा सोडलेल्या कुठल्याही कोथी, म्हणजे बायकी वळणाच्या पोराला विचारा. वर्गातल्यांनी काय केलं, मास्तर कसे हसले, बापाने कुठल्या दांडक्याने मारलं, सगळं सांगेल. आणि टाळेबंदीत धान्य देताना आपण बाकी कुणाला तुझा धंदा काय म्हणून विचारलं नव्हतं. नांदेडला गुरुद्वाराच्या लंगरमध्ये तर कधीच विचारत नाहीत.

इथवर मी जे दिसतात त्यांच्याबद्दल बोललो. न दिसणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि मला ती जास्त अवघड वाटते. पुण्याच्या होस्टेलवर राहणारा लातूर-धाराशिवकडचा पोरगा, जो शहरात दोन वर्षं मोकळा श्वास घेत होता, तो मार्चमध्ये कॉलेज बंद झाल्यावर गावी आला. आधी चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत, मग घरात. दोन खोल्या, सहा माणसं, घरात एकच धड फोन, आणि त्यावर धाकट्या बहिणीची ऑनलाइन शाळा. कुणाशी दोन शब्द मनातलं बोलायचं तर रानात जावं लागे. फोन चुकीच्या हातात पडला की काय होतं हे ज्यांच्यावर बेतलं त्यांना माहीत आहे. डॉक्टरकडे नेणं, देवऋष्याकडे नेणं, कोंडणं. आणि लग्न! २०२० मध्ये लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा होती, २०२१ च्या एप्रिलनंतर पंचवीस माणसं आणि दोन तास. जेवणावळी नाहीत, मानपान नाही, बँड नाही. कर्जात बुडालेल्या बापाला ही पर्वणी वाटली आणि त्याला दोषही देववत नाही. पण त्या घाईत मराठवाड्यात ज्या पोरींची लग्नं उरकली, त्यांत पुरुषाशी लग्न नको असलेल्या पोरी नव्हत्या असं कोण म्हणेल? मुलगी म्हणून वाढवलेला पण स्वतःला पुरुष मानणारा जो असतो, त्याला तर आपल्या बोलीत नीट हाकही नाही, गुरूचं घरही नाही. ‘घरी रहा, सुरक्षित रहा’ ही सूचना या लोकांना रोज मोबाइलच्या कॉलर ट्यूनमधून ऐकवली जात होती.

यांच्यासाठी शासन निर्णय काय करणार, असं विचाराल. जेवढं वाटतं त्यापेक्षा जास्त करू शकतो. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये, घरच्यांपासून पळून चेन्नईला आलेल्या दोन मुलींच्या प्रकरणात, पोलिसांनी अशा जोडप्यांना छळू नये आणि समलैंगिकता ‘बरी’ करण्याचे उपचार थांबवावेत असं बजावलं. पुढच्या वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. पण तालुक्याच्या ठाण्यात ‘मुलगी हरवली’ अशी तक्रार आली की हवालदार अजूनही आधी बापाला फोन लावतो.

जगभर हेच झालं, थोड्या फरकाने. पनामात एप्रिल २०२० पासून पुरुषांनी एका दिवशी आणि बायकांनी दुसऱ्या दिवशी बाहेर पडायचं असा नियम आला. ट्रान्स बाई बायकांच्या दिवशी बाहेर पडली तर कार्डावर पुरुष, पुरुषांच्या दिवशी पडली तर अंगावर झगा. दोन्ही दिवशी पोलीस. पेरूने तसाच नियम केला आणि आठ दिवसांत गुंडाळला. कोलंबियात बोगोटा शहराने तोच नियम करताना ट्रान्स लोकांनी आपापल्या ओळखीप्रमाणे दिवस निवडावा अशी सोय ठेवली. म्हणजे सुचत नाही असं नाही. युगांडात कंपालाजवळच्या एका निवाऱ्यावर २९ मार्चला धाड पडली. घरच्यांनी हाकललेल्या वीसेक समलिंगी आणि ट्रान्स तरुणांना रोग पसरवण्याच्या कलमाखाली आत टाकलं, आणि मे महिन्यात सुटेपर्यंत ते तुरुंगात दाटीवाटीने होते. आपल्या शेजारी हैदराबादेत अमीरपेठच्या मेट्रो स्थानकाजवळ पोस्टरं लागली होती: तृतीयपंथीयांशी बोलाल तर कोरोना होईल.

हैदराबादचं नाव निघालंच आहे तर एक जुनी गोष्ट. मराठवाडा निजामाच्या राज्यात असताना, फसली १३२९ म्हणजे इसवी सन १९१९ च्या सुमारास, तिथे हिजड्यांसंबंधी कायदा झाला. हैदराबाद शहरात, आणि सरकार ठरवील त्या इतर गावी, संशयित हिजड्यांची नावं आणि राहण्याचं ठिकाण यांचं रजिस्टर ठेवायचं. बाईच्या वेषात रस्त्यावर दिसलं तर वॉरंटशिवाय पकडायचं. निजाम गेला, मराठवाडा मुक्त झाला, राज्यं तुटली-जोडली, आणि तेलंगणात तो कायदा कागदावर तसाच राहिला. तिथल्या उच्च न्यायालयाने तो २०२३ मध्ये रद्द केला. म्हणजे यांची यादी करणं सरकारला कधीच जड गेलं नाही. गुन्ह्याच्या संशयाने केली तेव्हा ठाण्यात झाली. रोगाच्या भीतीने केली तेव्हा नॅकोकडे झाली, आणि त्याला कारणही होतं: २०१७ च्या पाहणीत तृतीयपंथीयांत एचआयव्हीचं प्रमाण ३.१४ टक्के होतं, सर्वसाधारण प्रौढांत ०.२२. त्या यादीने जीव वाचवले हे मान्य करायला हवं. टाळेबंदीत एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराच्या गोळ्या एकदम दोन-तीन महिन्यांच्या द्यायची मुभा मिळाली, आणि क्षेत्रीय कार्यकर्त्यांनी, ज्यांतले कित्येक स्वतः याच समाजातले, पास काढून, पोलिसांचे दांडे खाऊन त्या घरोघर पोचवल्या. ज्या हाताने गोळ्या आणि कंडोम गेले त्याच हाताने गहू जायला हरकत काय होती? त्यांच्यापैकी अनेकांनी देणग्या जमवून किटं नेलीही. सरकारी गोदामातला गहू मात्र त्या वाटेने गेला नाही.

हे माझं स्वप्नरंजन नाही. २९ सप्टेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने देहविक्रय करणाऱ्या महिलांबाबत अगदी असाच आदेश दिला: नॅकोच्या यादीतल्यांना ओळखीच्या पुराव्याचा आग्रह न धरता कोरडं धान्य द्या. महाराष्ट्राने पुढे जाऊन त्यांना तीन महिने दरमहा पाच हजार रुपये जाहीर केले, शाळेत जाणारं मूल असेल तर अडीच हजार वर. वाटपात घोळ झाले, कुठे भलत्यांच्याच खात्यात गेले, तेही पेपरात आलं. तरी वाट पडली. तीच वाट, तीच वही, फक्त पुढचं पान. ते उलटायला कुणी सांगितलं नाही.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये केंद्राने जाहीर केलं की समलिंगी जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच घरचे मानावं, असं राज्यांना कळवलं आहे. समलिंगी विवाहाला मान्यता नाकारणाऱ्या २०२३ च्या निकालानंतर नेमलेल्या समितीच्या कामातून हे आलं. लग्न नको म्हणणाऱ्या सरकारने चूल एक मानली, हे मला लहान वाटत नाही. आता तेच गुरूच्या घराला लागू करायला काय अडचण आहे? गुरू कुटुंबप्रमुख, चेले सदस्य, पत्ता एक. आणि गावाकडच्या कार्डावरचं नाव कमी करायला भावाची सही लागू नये. पुरवठा खात्याने हे साध्या परिपत्रकाने करावं.

दुसरं काम जिल्हाधिकाऱ्यांचं. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे, त्यात जिल्ह्याचा आराखडा दर वर्षी तपासायचा असतो, आणि मान्सूनपूर्व बैठक आठही जिल्ह्यांत होतेच. पूररेषेतली गावं, बोटी, गरोदर बायका, दिव्यांग, सगळ्यांचा हिशेब त्या बैठकीत निघतो. महसूल, पोलीस, पाटबंधारे, महावितरण, आरोग्य सगळे बसतात. तिथे डापकूच्या माणसाला बोलवा. त्याला नावं उघड करायला सांगू नका, ती त्याच्याकडेच राहू देत. किती माणसं, कुठल्या भागात आणि धान्य कुणाच्या हातून जाईल, एवढंच आराखड्यात लिहून घ्या. पुरुष आणि स्त्री अशा दोनच वॉर्डांच्या रुग्णालयात तिसऱ्या माणसाला खाट कुठे मिळेल, हेही त्याच पानावर लिहा.